व्होल्कॅनो ग्रीक नाही हो!

मा. संपादक, स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतली 'ग्रीक देवांनी इंग्रजीला दिलेले शब्द' ही चौकट वाचली आणि हातातला चहा गार झाला. व्होल्कॅनो, सीरियल (म्हणजे धान्य, टीव्हीवरची मालिका नव्हे), मार्शल ('मार्शल आर्ट'मधला)... अहो व्हल्कन, सीरीझ, मार्स हे तिघंही रोमन! ग्रीकांकडे त्यांच्या जागी हेफेस्टस, डिमीटर आणि आरेस. एवढं बघायला पाच मिनिटं लागतात.

एवढं चिडायला कारण आहे. सातवीत असताना तालुक्याच्या प्रश्नमंजुषेत अगदी हाच प्रश्न आला होता, ग्रीक देवावरून आलेला इंग्रजी शब्द सांगा, आणि मी छाती फुगवून म्हटलं पॅनिक. घरच्या जुन्या डिक्शनरीत वाचलेलं, पॅन म्हणजे कमरेखाली बोकड असलेला मेंढपाळांचा देव, रानात माणसाला नाहीतर कळपाला उगाच अचानक धडकी भरते ती त्याचीच करणी असं ग्रीक लोक मानायचे, म्हणजे आपल्या चकव्याच्या भाऊबंदातलाच म्हणा. परीक्षक सर म्हणाले, "पॅन म्हणजे तवा रे बाळा!" अख्खा हॉल हसला. आणि बरोबर उत्तर काय, तर व्होल्कॅनो! कंपासपेटी शेजारच्या बाकावर गेली. शाळेचं नाव लिहीत नाही, पण तो तवा मी अजून विसरलेलो नाही.

तुमच्या चौकटीत पॅनिक नाहीच. हायजीनसुद्धा नाही, कोविडमध्ये रोज छापत होता तो शब्द, आरोग्याची देवी हायजियावरून आलेला. तो ग्रीक बरं का.

आणि आता निघालंच आहे तर, हेलियम. सूर्यदेव हेलिओसवरून नाव, हे बरोबर. पण 'इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयरसाहेबांनी विजयदुर्गावरून शोध लावला' हे कुठून आणलंत? १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेननी गुंटूरहून पाहिलं, लॉकयर तेव्हा इंग्लंडात होते आणि ऑक्टोबरमध्ये तिथूनच, ग्रहणबिहण नसताना, त्यांनी सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहिला, हेलियमची रेघ त्यातलीच. मी स्वतः देवगड तालुक्यातला, पाहुण्यांना विजयदुर्ग किल्ल्यावरचे, लॉकयरसाहेबांच्या नावाने सांगितले जाणारे 'साहेबाचे कट्टे' दाखवताना मलाही मिरवायला आवडतं, पण म्हणून छापायचं?

शुद्धिपत्र छापणार असाल तर कृपया जाहिरातींच्या खाली मुंगीच्या अक्षरात नको. सर अजून आहेत, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय आणि पेपर तुमचाच घेतात.

– एक वाचक, देवगड