छाटणीची परीक्षा झाडावर घ्या

महोदय,

आमच्या तालुक्यात नुकतेच झाडांच्या छाटणीचे दोन दिवसांचे प्रशिक्षण झाले. मीही गेलो होतो. शिकवणारे जाणकार होते, प्रात्यक्षिकही त्यांनी छान दाखवले. शेवटी 20 गुणांची चाचणी झाली, योग्य उत्तरावर खूण करायची. मला 18 मिळाले. करवत मात्र मी दोन दिवसांत एकदाच धरली, तीही फोटोपुरती.

घरी येऊन कुळागरातल्या, म्हणजे आमच्या बागायतीतल्या, फणसाची फांदी कापायला घेतली. जाड फांदी आधी खालून थोडी चिरावी, मग जरा पुढे वरून कापून वजन उतरवावे आणि उरलेला खुंट शेवटी काढावा, या सगळ्यावर मी पेपरात बरोबर खूण केली होती. झाडावर चढल्यावर खालचा काप विसरलो. फांदी अर्ध्यावर मोडली आणि खोडाची हातभर साल सोलून घेऊनच खाली आली. नारळ पाडायला आलेला पाडेली बघत होता. तो काही बोलला नाही, हे माझे नशीब.

म्हणून सुचवतो, प्रत्येकाला एकेक फांदी द्या आणि परीक्षकाने खाली उभे राहून बघावे. करवत लावण्याआधी कापणाऱ्याने वरची वीजतार पाहिली का? न पाहिल्यास तिथेच नापास. हीच फांदी का, आणि कुठली कापणार नाही, हेही विचारावे. दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. काजूला मोहोर नव्या पालवीच्या टोकाला येतो, तेव्हा कोणत्या महिन्यात कापणार, हे तोंडी सांगता आले पाहिजे.

खरा निकाल मात्र वर्षाने लागतो. झाडाची जखम आपल्या कातडीसारखी बरी होत नाही. झाड ती आतून बंद करते आणि वरून नवे लाकूड चढवते. अमेरिकन वृक्षतज्ज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी झाडे चिरून हे दाखवले. फांदीच्या मुळाशी जो फुगीर पट्टा असतो, त्याच्या लगेच बाहेर कापले तर जखमेभोवती गोल कडे धरते. खोडाला घासून कापले तर ते दोन बाजूंनीच येते, वर-खाली उघडे राहते. लांब खुंट ठेवला तर तो आपल्या पावसात कुजतो. वर्षाने त्याच झाडापाशी जाऊन हे बघायला पैसे लागत नाहीत, एक फेरी लागते. तोवर प्रमाणपत्र तात्पुरते ठेवावे.

माझे प्रमाणपत्र परत घ्यायचे असेल, तर फणस रस्त्यावरूनच दिसतो.

आपला,
एक बागायतदार, फोंडा