सांकवाळचे दोघे आणि त्यांच्या मागची माणसं

फोंडा, गोवा

चि. रोहन,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "देव, संत, प्रेषित ही सगळी माणसातल्या चांगुलपणाची प्रतीकं. एवढं मान्य केलं की धर्मावरून भांडायचं कारणच उरत नाही." तुझे बाबा "अगदी बरोबर" म्हणून जेवायला बसले. मला काही ते पचलं नाही. फोनवर वाद घातला की माझा आवाज चढतो आणि मुद्दा बाजूला राहतो, म्हणून लिहिते.

देवांपुरतं तुझं म्हणणं मी बरंचसं मान्य करीन. आपल्या कवळ्याच्या शांतादुर्गेची गोष्ट तू आजीकडून ऐकलीच आहेस. शिव आणि विष्णू यांची जुंपली, कुणीच मागे हटेना, तेव्हा देवी मध्ये उभी राहिली. दोन्ही हातांत एकेक साप, एक शिव आणि एक विष्णू. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी देवळं पाडायला घेतली, तेव्हा लोकांनी हीच देवी केळशीहून जुवारी नदीपलीकडे कवळ्याला आणली. ज्यांचं सगळं हिसकावलं गेलं, त्यांनी सोबत आणली ती भांडण सोडवणारी देवी. यात त्या माणसांच्या मनातलं काहीतरी चांगलं उतरलंय, हे कोण नाकारील?

पण मग आपल्या शेताच्या बांधावरचा राखणदार, तो जागा राखणारा देव? त्याला वर्षाला सोरो म्हणजे दारू आणि रोट लागतो, विडी लागते. विसरलं तर बांध फुटेल, खारं पाणी आत शिरेल, ही धास्ती. राखणदार चांगला आहे असं आपल्याकडे कुणी म्हणत नाही. तो जबर आहे, म्हणून मानायचा. नवसाचंही तेच. तुझ्या बारावीला मी बोलले होते आणि फेडलाही. तो शुद्ध व्यवहार होता, त्यात चांगुलपणा कसला? माणूस ज्याच्यापुढे हात जोडतो त्यात त्याची भीती असते, हावही असते. प्रतीकच म्हणायचं तर सगळ्याचं म्हण, नुसती साय काढून घेऊ नकोस.

हे झालं देवांचं. संत ही मात्र चालती-बोलती माणसं होती, आणि तिथे माझा खरा आक्षेप आहे. गोंयचो सायब, म्हणजे फ्रान्सिस झेवियरच घे. 2024 मध्ये त्यांच्या शवाचं प्रदर्शन झालं, त्याला आपणही जुन्या गोव्यात रांगेत उभे होतो आणि आपल्यासारखे हिंदू काही कमी नव्हते. फ्रान्सिस झेवियर 1542 मध्ये गोव्यात उतरले ते इस्पितळात राहून आजाऱ्यांची सेवा करू लागले, हे खरं. 1546 मध्ये याच माणसाने पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्म नीट न पाळणाऱ्यांना शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय मागितलं, हेही खरं. ते 1560 मध्ये आलं, झेवियर वारल्यावर आठ वर्षांनी, आणि कायमचं उठायला 1812 उजाडलं. यातली एक गोष्ट सांगायची आणि दुसरी गिळायची, असं केल्याशिवाय त्यांचं प्रतीक होत नाही. जुन्या गोव्याला मी अजून जाते, पुढेही जाईन. तिथल्या रांगेतल्या बायका काय मागतात ते ऐकू येतं, आणि माझं मागणं काही वेगळं नसतं. पण सगळं ठाऊक असून जाते.

आता सांकवाळ. वास्कोला जाताना लागतं, आपण कधी थांबत नाही. जोझे वाझ या पाद्रीचे वडील तिथले. जन्म आजोळी बाणावलीला, 1651 मध्ये. ते पाद्री झाले तेव्हा सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, किनारपट्टीवर डचांचा अंमल होता आणि कॅथलिक पाद्रींना बंदी होती. हा माणूस 1687 मध्ये मजुराचा वेष करून तिथे शिरला. कँडीच्या बौद्ध राजाने आधी हेर समजून कैदेत टाकलं, पुढे आसरा दिला. एकदा पाऊस पडेना, यांनी प्रार्थना केली आणि धो धो कोसळला, पण ते स्वतः कोरडेच राहिले, असं सांगतात. ते मी सोडून देते.

1697 मध्ये कँडीत देवीच्या रोगाची साथ आली. घरच्यांनी रोग्यांना रानात नेऊन टाकलं. वाझ आणि त्यांच्या सोबत्याने झोपड्या घातल्या आणि ते त्यांची सेवा करत राहिले. हे वाचताना मी नर्स म्हणूनच वाचते. देवी मी पाहिलेली नाही, पण अंगावरची कातडी सुटलेला पेशंट पाहिलाय, भाजलेल्यांच्या वॉर्डात. चादर ओढून काढता येत नाही, पाण्याने भिजवून सोडवावी लागते. वास कपड्यात बसतो. कूस बदलताना पेशंट ओरडतो, शिव्या देतो, तरी दोन तासांनी पुन्हा बदलायची. याला 'करुणेचं प्रतीक' म्हटलं की कसं छान वाटतं, आणि हात धुवायचीही गरज पडत नाही! वाझ कशाचं प्रतीक म्हणून तिथे बसले नव्हते. त्या क्षणी कुणाच्या तरी तोंडात पाणी घालायचं होतं. 2015 मध्ये पोपनी कोलंबोत त्यांना संत म्हणून जाहीर केलं. छानच झालं.

पण सिलोनला ते एकटे गेले नव्हते. सोबत घरचा नोकर होता, जुआंव. त्याची तसबीर मी कुठल्या इगर्जीत, चर्चमध्ये, पाहिलेली नाही. आमच्या वॉर्डात मी इंजेक्शन देते, डॉक्टर राउंड घेतात आणि बेडपॅन उचलते ती अटेंडंट. डिस्चार्जच्या दिवशी पेढ्यांचा डबा कुणाकडे जातो ते तुला सांगायला नको.

सांकवाळचाच दुसरा माणूस धर्मानंद कोसंबी, जन्म 1876 चा. शाळा बेताची, पण बुद्धाच्या ओढीने घर सोडलं. पुणे, काशी, नेपाळ करत तेही सिलोनलाच पोचले, 1902 मध्ये. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून राजपुत्राला वैराग्य आलं, ही गोष्ट त्यांनी मानली नाही. जुनी पाली सूत्रं वाचून त्यांचं मत झालं की शाक्य आणि कोलीय रोहिणी नदीच्या पाण्यावरून हत्यारं काढायला निघाले, त्या झगड्याला कंटाळून गौतम बाहेर पडला. म्हादईच्या पाण्यावरचं राजकारण रोज वाचणाऱ्या आपल्याला हा बुद्ध किती जवळचा वाटतो बघ. कोसंबींनी देव्हाऱ्यातला बुद्ध उतरवून माणूस शोधला, म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर आहे. आणि तरी, ते निघाले तेव्हा बायको बाळाबाई मागे होत्या, पदरात तान्ही मुलगी. त्या माहेर-सासर कशा राहिल्या असतील, हे कोसंबींवर भाषण देणाऱ्या पुरुषांना सहसा सुचत नाही.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच, की चांगुलपणा आहे, पण तो एकट्याच्या हाताने क्वचितच होतो. प्रतीक मात्र एकाचंच होतं. मग जुआंव गळतो, बाळाबाई गळतात, आणि आपण एका मूर्तीला नमस्कार करून आपापल्या कामाला मोकळे.

तुला वाटेल आई भलतीकडेच गेली. तर मला एवढं लिहून कळव, तुझ्या त्या हिशेबात जुआंवला कुठे बसवणार? बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "रोहनलाच विचार."

चवथीचं तिकीट काढलंस का? कोकण रेल्वेचं आरक्षण उघडलं की तासाभरात संपतं, मागच्या वर्षासारखं उभ्याने येऊ नकोस.

तुझी,
आई