ती निळी फाइल आता तुझी

कराड,
रविवार रात्र

चि. चिऊस,

परवा कपाट आवरताना ती निळी फाइल हातात घेऊन तू विचारलंस, "आई, नक्की काय काय केलं होतं गं माझ्या पाठीत?" मी दूध बघायचं निमित्त करून उठले. गॅस बंदच होता. तुझ्यासमोर रडायचं नव्हतं, एवढंच. आठवड्यानं तू पुण्याला होस्टेलवर जाशील, तेव्हा आज लिहूनच देते.

आधी जे मला सगळ्यात जड जातं ते. तू सात वर्षांची होतीस. रात्री दोन-अडीचला उठून म्हणायचीस, पाठ दुखते. दिवसा अंगणात खेळायचीस, म्हणून आम्हाला खरं वाटेना. मी तेल चोळलं, शेक दिला, आजींनी दृष्ट काढली. दाखवलं तिथे सांगितलं, हाडं वाढतात तशी दुखतात, दप्तराचं ओझं कमी करा. पाच महिने असे गेले. तू भिंतीला टेकून बसून झोपायला लागलीस आणि मी तुला रागावले, की नीट आडवी हो. आडवं झालं की दुखणं वाढतं, हेच तू तुझ्या परीनं सांगत होतीस. लहान मुलाला पाठदुखीनं झोपेतून जाग येत असेल तर ते हट्ट म्हणून सोडायचं नसतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. चिऊ, तू खरं बोलत होतीस आणि मी ऐकलं नाही.

मग तुझ्या उजव्या पायातली चप्पल चालता चालता मागे राहायला लागली. मुंबईच्या डॉक्टरांनी तळव्यावरून किल्ली ओढली, तर अंगठा खाली वळायच्या ऐवजी वर उठला. त्यांनी त्याच दिवशी एमआरआय करायला लावला. पाठीच्या मधल्या भागात, मणक्यांच्या आतून जाणाऱ्या मज्जारज्जूतच गाठ होती. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू करंगळीएवढा जाड, तुझा त्याहून बारीक. गाठीचं नाव फाइलमध्ये आहे, पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमा. सावकाश वाढणारी असते. मुलांमध्ये मज्जारज्जूच्या आत होणाऱ्या गाठींत ॲस्ट्रोसायटोमाच जास्त आढळतात, पण मुळात हा आजारच विरळा.

पूर्वी अशा मुलांचा नुसता तुकडा तपासायला घेत आणि रेडिएशन देत. वाढत्या मणक्यांना ते बाधतं. १९८० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या फ्रेड एपस्टाइन यांच्यासारख्या सर्जननी मुलांच्या मज्जारज्जूतली गाठ जमेल तेवढी काढायचीच, असं धरून काम केलं, म्हणून तुझ्या वेळी आमच्यापुढे ती वाट होती.

ऑपरेशन आठ तास चाललं. तुला पालथं झोपवलं होतं. मणक्यांच्या मागच्या कमानी त्यांनी अखंड उचलून बाजूला ठेवल्या आणि शेवटी बारीक टायटॅनियमच्या पट्ट्यांनी परत बसवल्या. मुलांच्या कमानी काढूनच टाकल्या तर वाढीच्या वयात पाठ वाकण्याची भीती असते. मज्जारज्जू बरोबर मधल्या रेषेवर उघडला. ध्वनिलहरींनी गाठ फोडून तिथल्या तिथे ओढून घेणारं यंत्र असतं, त्यानं आतून थोडं थोडं काढत गेले. तुझ्या हातापायांत बारीक सुया होत्या. डोक्यावरून विजेचा हलका झटका द्यायचा आणि पायाचा स्नायू उत्तर देतो का ते पडद्यावर बघायचं. स्नायू जागे हवेत, म्हणून भुलेच्या डॉक्टरांनी ते सैल करणारं औषध त्या वेळी दिलं नव्हतं.

सहाव्या तासाला उजव्या पायाचं उत्तर क्षीण झालं. सर्जननी हात थांबवला, कोमट सलाइननं जागा धुतली आणि वाट बघितली. उत्तर परत आलं. तरी मज्जारज्जूला चिकटलेला गाठीचा शेवटचा पापुद्रा त्यांनी मुद्दाम सोडला. बाहेर येऊन म्हणाले, "सगळी काढली असती, पण तिचा पाय गेला असता." बाबांनी त्यांचे हात धरले. मला त्या दिवशी "राहिलीये" हा एकच शब्द ऐकू आला होता. आज तुला जिना चढताना बघते तेव्हा वाटतं, तो थांबलेला हात हाच त्या दिवसातला सगळ्यात मोठा निर्णय होता.

शुद्धीवर आलीस तेव्हा उजवा पाय हलत नव्हता. तीन आठवड्यांनी अंगठा हलला आणि फिजिओथेरपीच्या ताई माझ्याआधी ओरडल्या. मधली रेष उघडली की पाय कुठे आहे हे न बघता कळण्याची जाणीव कमी होऊ शकते, तुझी थोडी झालीच. तोंड धुताना डोळे मिटलेस की झोक जातो तो त्यामुळे. होस्टेलवर बेसिनला एक हात धर, रात्री बाथरूमचा दिवा लावून ठेव. रूममेटला कारण सांगायचं की नाही, ते तुझं तू ठरव.

नंतर मी खूप वाचत बसायचे. लंडनला १८८७ साली व्हिक्टर हॉर्स्ली यांनी कण्यातली गाठ काढली, तो रुग्ण सैन्यातला कॅप्टन होता. त्याच्याही दुखण्याचं खरं कारण कळायला वर्षं गेली होती. पुढे तो चालू लागला. ते वाचून मी खूप वेळ रडले.

राहिलेला पापुद्रा दहा वर्षं आहे तेवढाच आहे. तरी वर्षाचा एमआरआय चुकवू नकोस, पाठीत टायटॅनियम आहे हे आधी सांग. रात्रीचं दुखणं, चप्पल निसटणं, लघवीची काही तक्रार, यातलं काहीही झालं तर परीक्षा आहे म्हणून थांबू नकोस. फोन कर. रात्री अडीचला केलास तरी चालेल.

फाइल तुझ्या बॅगेत कपड्यांच्या खाली ठेवली आहे, फिल्म वेगळ्या पिशवीत. पुढची तारीख सोळा ऑगस्टची आहे. मी सोबत येऊ का, तेवढं सांग.

तुझी,
आई