शकू, आठ दिवस पिल्लं कुणाच्या भरवशावर?

वस्तीवरून, शुक्रवार

प्रिय शकू,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे बरे. माझे गुडघे आहेत तसेच, आत्याबाईंची साखर आहे तशीच, यांचा खोकला थंडीबरोबर जाईल. ताईला नववा लागलाय, डॉक्टरांनी तारीख दिलीय, रविवारी मी पुण्याला निघतेय. तिची काळजी नाही गं. तिथं डॉक्टर आहेत, नर्स आहेत, तिच्या सासूबाई आहेत. माझा जीव अडकलाय गोठ्यात, आणि हे इथं बोलून दाखवलं की सगळे हसतात. फोनवर सांगायला जावं तर तू 'बरं बरं' करत कुकर बघायला पळतेस. म्हणून सदूबरोबर हे पत्र पाठवतेय. तो उद्या मिरजेला येतोय, त्याला चहा तरी पाज.

झालंय असं, की चंदी मेंढी जुळी व्याली आणि त्याच आठवड्यात नोंदवलेली कोंबडीची १०० पिल्लंही आली. आता इथलं बाळंतपण भाऊजींच्या गळ्यात घालून मी तिथल्या बाळंतपणाला चाललेय. आपले भाऊजी! तुझ्या हळदीला आचाऱ्याला परत पाठवणारे. काल त्यांच्या हातात थर्मामीटर दिला तर म्हणाले, ताप कुणाला आलाय?

पिल्लांचं त्यातल्या त्यात सोपं आहे. जुन्या खोलीत दीड फूट उंचीच्या पत्र्याचं सहा फुटांचं गोल रिंगण केलंय, कोपरा म्हणून कुठं ठेवला नाही. खाली दोन इंच भाताचं तूस, त्यावर तरट. वर्तमानपत्र मुद्दाम घातलं नाही, त्यावरून पाय घसरतात आणि एकदा पाय फाकले की ते पिल्लू कामातून गेलं. आल्या आल्या कोमट गूळपाणी दिलं, लिटरला १०० ग्रॅम गूळ, एकेकाची चोच बुडवून. पहिला अर्धा दिवस नुसता मक्याचा बारीक भरडा, मग स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य. पाण्याच्या भांड्यांत गोटे टाकलेत, नाहीतर एवढ्याशा पाण्यातही बुडतात. मागं विष्ठा चिकटून बसली तर कोमट पाण्याच्या बोळ्यानं भिजवून काढायची, ओढायची नाही, कातडी निघते. एवढं सूनबाईला नीट येतं. तिचा हात हलका आहे.

ऊब मात्र भाऊजींकडे आहे. ६० वॅटचे चार बल्ब लावलेत. एकच मोठा लावला आणि तो मध्यरात्री उडाला तर सगळंच अंधारात. पिल्लांच्या पाठीच्या उंचीला ३५ अंश हवेत, दर आठवड्याला साधारण ३ अंश उतरवत जायचे, म्हणजे बल्ब थोडे वर ओढायचे. पण थर्मामीटर न वाचणाऱ्या माणसाला पिल्लंच सांगतात. बल्बखाली एकमेकांच्या अंगावर चढली की गारठलीत. पत्र्याला लागून चोची उघड्या टाकून बसली की उकडतंय. सगळी एकाच बाजूला सरकली की दुसरीकडून वारा शिरतोय. सगळीकडे विखरून खात-पीत असली की खुशाल झोपायला जा. हे मी भाऊजींकडून पाढ्यासारखं पाठ करून घेतलंय. शेवटचं वाक्य तेवढं त्यांना पहिल्या फटक्यात पाठ झालं.

खरी मेख लाईटची. मोटारीला दिवसा मिळते तेव्हा रात्री वस्तीवर कधी जाईल याचा नेम नाही, आणि पहाटे तीन-चारला गारठा हाडात शिरतो. बल्ब गेले की पिल्लं ढीग करतात आणि गारठून मरायच्या आधी खालची चेंगरून मरतात. म्हणून लाईट गेल्याबरोबर कुणीतरी जागं व्हायला हवं. गरम पाण्याच्या बाटल्या तरटात गुंडाळून रिंगणात ठेवायच्या आणि पिल्लं हातानं पांगवून त्यांच्याभोवती बसवायची. मडक्यात निखारे ठेवायचे झाले तर मडक्यावर पाटी पालथी घालायची, आणि खोलीच्या वरच्या फटी उघड्या ठेवायच्याच. निखाऱ्याला धूर नसतो म्हणून लोक निर्धास्त दार लावून घेतात. बंद खोलीत निखाऱ्याचा वायू पिल्लांनाही मारतो आणि राखणाऱ्यालाही. भाऊजींना गारठा सहन होत नाही, ते फटी बुजवणार, मला आत्तापासून दिसतंय. त्यांना म्हटलंय, त्या वायूला ना वास ना चुरचुर, तो कळतच नाही, म्हणून फटी उघड्या म्हणजे उघड्याच.

तू लगेच म्हणशील, खुडूक कोंबडी घाल की, लाईटचं झंझटच नको. घाल म्हणून सांगणं सोपं आहे, शकूबाई. एक गावठी खुडूक दहा-बारा, फार तर पंधरा पिल्लं पोटाखाली घेते, तीही दोन-तीन दिवसांची असतील आणि रात्री अंधारात हळूच सरकवली तर. दिवसा दिलीस तर टोचून टोचून मारते. १०० पिल्लांना मी सात-आठ खुडूक कुठून आणू? तांबडी तेवढी बसलीय, तिच्याखाली बारा सरकवलीत. त्या बारांची मला काहीच काळजी नाही. उरलेल्या ८८ची आहे.

आता चंदीचं. ही त्या फलटणच्या मेंढ्याची लेक. तुझ्याच नादानं नारी सुवर्णा जातीचा नर आणला होता ना, तोच. तेव्हा इथले सगळे विचारत होते, मेंढा आणला तरी जुळी का होत नाहीत. जुळी त्याच्या लेकींना होतात हे कुणाला पटायला तयार नव्हतं. सुंदरबनातल्या गरोल मेंढीचं ते जुळ्यांचं जनुक फलटणच्या निंबकर संस्थेनं आपल्या दख्खनी मेंढीत आणलं. ते मेंढीचं बीज जास्त सोडवतं, त्यात नराचं कर्तृत्व काही नाही. यांनाही आता पटलंय, पण मेंढ्याचं कौतुक काही कमी होत नाही.

पण जुळं म्हणजे दोन तोंडं आणि एकच कास. पहिलं अडीच किलोचं, उभं राहून लगेच लुचायला लागलं. दुसरं जेमतेम दोन किलो, आणि चंदी त्याला जवळ आलं की ढुशी मारते. आईनं पिल्लू टाकलं असं सगळे म्हणाले. मी आधी कास बघितली. उजवी बाजू गरम आणि टणक, दाबली की दुधात गाठी. दगडी, म्हणजे कास सुजण्याचा रोग! दुखरी कास कोण चोखू देईल? डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेलेत. दर चार तासांनी ती बाजू पिळून काढायची आणि ते दूध गोठ्याबाहेर खड्ड्यात ओतायचं, जमिनीवर नाही. डावीवर मोठं पोसतंय. धाकटं बाटलीवर.

चिकाचं निभावलं. पहिल्या दोन तासांत किलोला ५० मिली, म्हणजे याला १००, आणि असंच दिवसभरात चार वेळा. तो एक दिवस गेला की आतड्याला चिकातली ताकद शोषता येत नाही, मग कितीही पाजा. नाळ दोन इंच ठेवून कापली, टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवली. आता दिवसाला वजनाचा पाचवा हिस्सा दूध, म्हणजे ४०० मिली, पाच वेळा ८०-८० करून. आणि इथं आपलं जुनं भांडण परत! तू म्हणायचीस गाईच्या दुधात पाणी घाल, कोकराला जड होतं. अगं, मेंढीच्या दुधात फॅट सहा-सात असते, गाईच्यात चार. आधीच पातळ, त्यात पाणी कसलं घालतेस? मी शेळीचं देतेय, शेळीचं संपलं की म्हशीचं, पाणी थेंबभर नाही. तुझी ती कर्नाटकातली मावशी काहीही म्हणो.

भीती कमी पाजण्याची नाहीच, जास्त पाजण्याची आहे. भाऊजींच्या धाकट्याला कोकरू ओरडलं की बाटली धरायची हौस. मग पोट फुगतं, हगवण लागते. पाजून झाल्यावर वरून बघायचं: बरगडीपासून कमरेपर्यंत बाजू सरळ रेषेत आली की पुरे, बाहेर फुगली की जास्त झालं. दूध अंगाच्या उबेपेक्षा किंचित गरम, बाटली उलटी धरली की थेंब थेंब पडायला हवं, धार नको. कोकरू उभं, मान थोडी वर. मांडीवर उताणं घेऊन पाजलं की दूध फुप्फुसात जातं, आणि फोटोसाठी सगळ्यांना उताणंच हवं असतं. काल पोरगा त्याला बिस्किट भरवताना सापडला. बिस्किट काढून घेतलं तर तो रडला, कोकरू रडलं, आत्याबाईही माझ्यावरच रागावल्या.

एखाद्या पहाटे ते गार पडलेलं सापडलं तर काय, हे मी भिंतीवर खडूनं लिहून ठेवलंय. तोंडात बोट घालायचं. तोंड गार लागलं आणि मान धरत नसेल तर आधी ऊब, दूध नंतर. तरटानं खसाखसा पुसायचं, गरम बाटल्यांत ठेवायचं, आणि तोंड गरम होऊन ते बोट चोखायला लागलं की मगच पाजायचं. गारठलेल्या कोकराचं पोट काम करत नाही, घशात ओतलेलं दूध श्वासात जातं. सगळे नेमके उलटं करतात, दयेपोटी.

तू म्हणशील दुसऱ्या मेंढीला लाव. मेलेल्या कोकराचं कातडं पांघरून लावायची धनगरांची युक्ती तुला माझ्याआधीची माहीत. पण त्यासाठी एखादीचं कोकरू नुकतंच मेलेलं असावं लागतं, आणि देवाच्या दयेनं यंदा कुणाचं मेलं नाही. शिवाय मला ते चंदीपासून तोडायचं नाही. चार बाय चारचा आडोसा करून तिघांना एकत्रच ठेवलंय, बाटलीपुरतं बाहेर काढायचं. मेंढी पिल्लू ओळखते शेपटीखालच्या वासानं, आणि वरचं दूध प्यायलं की तो वास बदलतो. म्हणून रोज तिच्या चांगल्या सडाचं दूध त्याच्या शेपटीला चोळते. आज सकाळी तिनं दोन वेळा हुंगलं आणि ढुशी मारली नाही. हे मी जेवताना सांगितलं तर हे म्हणाले, वाढ लवकर.

आणि एक मोठी धास्ती. पिल्लांच्या स्टार्टरचं पोतं आणि मेंढ्या एकाच आवारात. त्या खाद्यात तांबं असतं. कोंबडीला चालतं, पण मेंढीच्या यकृतात साचत राहतं, वरून काही दिसत नाही, आणि एक दिवस डोळे पिवळे, लघवी काळपट, खेळ खल्लास. जनावरांची मिनरल पावडरही म्हणूनच मेंढीला नको. भरडा भसाभसा खाल्ला तर पोट आंबून त्याच दिवशी आडवी होते, ते वेगळंच. पोतं ड्रममध्ये टाकून झाकणावर पाटा ठेवलाय. पिल्लांची रक्ती हगवण कोकरांना लागते हे तुझं म्हणणं मात्र मी अजून मान्य करत नाही. रोगाचं नाव एक असलं तरी कोंबडीचा जंतू वेगळा, मेंढीचा वेगळा, एकमेकांत जात नाहीत. तूस ओलं राहू दिलं नाही तर पिल्लांचीही बरीचशी टळते. भांड्याखालचं ओलं रोज काढायला सांगितलंय. काढतील की नाही कोण जाणे.

तुझं कसं चाललंय? बदलीचा अर्ज पुढे सरकला का? विनूचा निकाल लागला असेल. घराला तोच पिस्ता रंग दिलास ना, मी नको म्हटलेला? आणि भिशीचे माझे राहिलेत ते विसरले नाही, ताईचं आटोपलं की देते.

आता मुद्द्याचं. बुधवारी पिल्लांचा सातवा दिवस, लासोटा, म्हणजे राणीखेतची लस, घालायचा आहे. नेमकी संक्रांत, तुला सुट्टी. ये ना. सूनबाई पिल्लू धरेल, पण डोळ्यात थेंब टाकायला स्थिर हात हवा, आणि भाऊजींचे हात तुला माहीत आहेत. बाटली मंगळवारी आणून फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवायला सांगितलीय, दारात नाही. घोळली की बर्फाच्या वाटीत ठेव आणि दोन तासांत संपव, उरली तर उद्यासाठी ठेवू नकोस. थेंब डोळ्यात जिरून पिल्लानं डोळा मिचकावल्याशिवाय सोडायचं नाही. ८८ रिंगणातली, बारा तांबडीखालची. तांबडीला आधी टोपलीखाली झाक, ती तुझ्याही डोळ्यावर येईल.

येताना तान्ह्या बाळाच्या बाटलीची दोन निप्पल आण, मऊ रबराची. इथं मिळाली ती कडक आहेत आणि धाकट्या कोकराचं तोंड लहान आहे. एक मी आणलेल्या बाटलीला बसतंय का बघ, नाहीतर तुझ्या सुनेकडे जुनी बाटली पडली असेल तीच घेऊन ये. पोळ्या आत्याबाई करणार आहेत, तिळाचं सूनबाई बघेल.

तुझी,
माली

ता. क. भाऊजी मी गेल्यावर फटी बुजवणार. आल्या आल्या आधी ते बघ.