वॉटर चेंज किटचा पंप टाकीपर्यंत पाणीच चढवत नाही, बदलून द्या नाहीतर पैसे परत करा

प्रति,
कस्टमर केअर विभाग

नमस्कार,

तुमचं अ‍ॅक्वेरियमचं पाणी बदलायचं किट मी नागपूरला मागवलं, त्यातला पंप आमच्या काही कामाचा नाही आणि तुमच्या माणसाने "प्रॉडक्ट स्पेसिफिकेशनप्रमाणे चालू आहे" एवढं लिहून तक्रार बंद करून टाकली, म्हणून आता सगळं नीट लिहितोय.

आमची टाकी 4 फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे अडीचशे लिटर पाणी. तीस टक्के बदलायचं म्हटलं तरी 75 लिटर होतं आणि ते सगळं आई बादलीने वाहते, गोल्डफिश तिचे आहेत, दुसऱ्या कोणाला ती हातही लावू देत नाही. भरलेली 15 लिटरची बादली छातीपर्यंत उचलून ओतायची, तिची कंबर धरते हो. हे थांबावं म्हणूनच किट घेतलं. घ्यायच्या आधी चॅटवर विचारलं होतं की नवीन पाण्याचा ड्रम जमिनीवर राहील, स्टँड 3 फुटाचा आहे, पाणी साडेचार फूट चढवायचंय, होईल का? उत्तर आलं, "येस सर, 1500 लिटर पर अवर आहे, आरामात होईल." स्क्रीनशॉट जोडलाय.

आता बॉक्सची मागची बाजू बघा. 1500 लिटर ताशी मोठ्या अक्षरात, आणि खाली बारीक अक्षरात एच मॅक्स 1.5 मीटर. एच मॅक्स म्हणजे ज्या उंचीला पाणी येणं बंदच होतं ती उंची, 1500 लिटर तर पंपाच्या तोंडाशीच मिळतात. साडेचार फूट म्हणजे जवळपास 1.4 मीटर, त्यात तुम्ही रिड्यूसर (तोंड लहान करणारा जोड) लावून बारीक पाइप दिला, उरलासुरला जोर त्यातच संपतो. पाइपचं तोंड गुडघ्याशी धरलं तर पाणी मस्त जोरात येतं, टाकीच्या काठावर नेलं की सुतासारखी धार, आणि ड्रम अर्धा झाला की पाणी येऊनच नाही राहिलं, पंप नुसता घूंघूं करतो. व्हिडिओ पाठवलाय. पंप बिघडलेला नाही हे मलाही मान्य आहे, तुम्ही आम्हाला चुकीचा पंप दिला.

ग्रॅव्हल क्लीनर मात्र चांगला आहे, तळाची घाण छान ओढतो.

मग तुमच्या माणसाने सुचवलं की ड्रम कशाला, अडॅप्टर लावून नळाचं पाणी डायरेक्ट टाकीत सोडा. हे तर मला सगळ्यात जास्त खटकलं. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने माशांचे कल्ले जळतात, म्हणून आधी ड्रममध्ये डीक्लोरिनेटर टाकावं लागतं. आणि मे महिन्यात इथे पारा 45 च्या वर जातो, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देतं, ते तसंच माशांवर सोडायचं? मासे विकत घेणाऱ्यांना सामान विकता तर एवढं तरी माहीत असायला पाहिजे ना.

किमान अडीच मीटर एच मॅक्सचा पंप आणि त्याच्या तोंडाच्या मापाचा पाइप बदलून द्या, नाहीतर पूर्ण पैसे परत करा, कुरियरचा खर्च तुमच्याकडे. आणि वेबसाइटवर 1 मीटर उंचीला किती लिटर मिळतं तेही लिहा, म्हणजे पुढच्या माणसाला घेण्याआधीच कळेल. 15 दिवसांत उत्तर नाही आलं तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात तक्रार करीन.

बिल, स्क्रीनशॉट, व्हिडिओ सोबत आहेत.

तुमचा ग्राहक,
नागपूर