हिरवा लागला तरी आधी उजव्या खांद्यामागे बघा

ती. बाबा आणि आईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, रस्ता रिकामा दिसत असताना लाल दिव्यापुढे ताटकळत कशाला उभं राहायचं, असं तुमचं म्हणणं. आणि सगळे निघाले की त्यांच्याबरोबर निघायचं, असं आईचं. या दोन्हींचं उत्तर हिशेबाचं आहे, फोनवर ते नीट सांगून होत नाही, म्हणून लिहून पाठवते. सिग्नलच्या वेळा बसवणं हे माझं रोजचं काम आहे आणि तुम्हां दोघांची काळजीही रोजचीच आहे. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती, म्हणजे जवळपास पाचातला एक.

माझं मत आधीच सांगते. पादचाऱ्यांचा लाल दिवा असेल तर थांबायचंच, रस्ता कितीही मोकळा दिसू दे. आणि हिरवा झाला तरी तो आपल्याला अडवत नाही एवढंच समजायचं. वाहनं अडली आहेत की नाहीत हे आपल्या डोळ्यांनी बघून मगच पाय उचलायचा.

रिकाम्या रस्त्याचं आधी बघू. सिग्नलची वेळ काढताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरायची पद्धत आहे. तरण्याताठ्या माणसाला ते जड नाही. सत्तरीच्या आसपास बऱ्याच जणांचा वेग ०.८ ते ०.९ वर येतो, गुडघे दुखत असतील तर आणखी खाली. चौपदरी रस्त्याची दुभाजकापर्यंतची एक बाजू साधारण ७ मीटर असते. १.२ च्या वेगाने ती ६ सेकंदांत पार होते, ०.८ ने जवळजवळ ९ लागतात. ताशी ४० किलोमीटरने येणारी मोटरसायकल सेकंदाला ११ मीटर कापते. तुमच्या ९ सेकंदांत ती शंभर मीटर आली. शंभर मीटर डोळ्यांनी कसे ओळखायचे? रस्त्यावरचे दिव्याचे खांब साधारण २५-३० मीटरवर असतात. म्हणजे चौथ्या खांबाच्या अलीकडे वाहन दिसत असेल, तर तुमच्यापुरता तो रस्ता रिकामा नाही. गाडी ६०च्या वेगात असेल तर हेच अंतर दीडशे मीटर होतं, आणि तिथवरचं संध्याकाळी नीट दिसतही नाही.

यात डोळाही फसवतो. वय वाढतं तसं माणूस वाहन किती लांब आहे ते बघून निर्णय घेतो, ते किती जोरात येतंय याचा अंदाज मागे पडतो. मोटरसायकल बसपेक्षा लहान दिसते म्हणून ती आहे त्याहून लांब वाटते. मोतीबिंदू सुरू झालेला असेल तर समोरच्या हेडलाइटने सगळं पांढरं होतं आणि वेगाचा अंदाज उरतच नाही. वाहनवाल्याची बाजूही बघा. त्याला हिरवा आहे, कोणी आडवं येईल हे त्याच्या मनात नाही. ४०च्या वेगात ब्रेककडे पाय जाईपर्यंतच ११ मीटर गेले, पुढे कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी ८-९. असे २० मीटर लक्ष असलेल्याला लागतात. पावसात त्याहून बरेच जास्त, आणि हातात मोबाइल असलेल्याचं तर बोलायलाच नको. लाल दिव्यापुढे थांबलं की हा सगळा अंदाज आपल्या डोळ्यांवर आणि त्याच्या ब्रेकवर सोडावा लागत नाही.

आता आईचा घोळका. घोळक्याचा वेग पुढच्या पोरांचा असतो. ती दुभाजक ओलांडतात तेव्हा तू पहिल्या पट्ट्यात असतेस, आणि थांबलेली वाहनं घोळका गेला असं समजून हलायला लागतात. आडोसा मिळतो तो मधे असलेल्यांना, शेपटीला असलेल्यांना मिळत नाही. तेव्हा घोळक्यात जायचंच तर पुढच्या ओळीत उभी राहा. घोळका लाल दिव्यात निघाला तर त्याला जाऊ दे.

हिरव्याचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. जिथे माणसाचं चित्र असलेला दिवा आहे, तिथे हिरवा नव्याने लागेल तेव्हाच निघायचं. तुम्ही पोचलात तेव्हा तो आधीच लागलेला असेल तर किती सेकंद उरलेत हे कळत नाही; ती वेळ सोडून द्या, पुढची घ्या. चौकाचा पूर्ण फेरा बहुतेक दीड ते दोन मिनिटांचा असतो, त्याहून जास्त थांबावं लागत नाही. हिरवा माणूस लुकलुकायला लागला म्हणजे आत असलेल्यांनी पुरं करायचं, कडेला असलेल्यांनी उतरायचं नाही. हिरवा लागल्यावरही मनात एक, दोन, तीन म्हणा आणि मग उतरा. वाहनांचा पिवळा साधारण ३ सेकंद असतो, त्यानंतर चौक मोकळा व्हायला एखाद-दुसरा सेकंद सगळीकडे लाल ठेवतात. पिवळा बघून वेग वाढवणारे नेमके त्या सेकंदांत चौकात असतात. आकडे उतरते दाखवणारा टायमर असेल तर उलटाही प्रकार होतो: तीन दिसले की गिअर पडतात आणि शून्याच्या आधीच दोन-चार दुचाक्या सुटतात.

पण आपल्या नाशकात बऱ्याच ठिकाणी पादचाऱ्यांचा दिवा नसतो किंवा बंद असतो आणि वाहनांच्या दिव्यावरूनच ठरवावं लागतं. तिथे लोक एक ठरावीक चूक करतात: आपल्या रस्त्याला लाल लागला, वाहनं थांबली, म्हणजे सगळा रस्ता आपला. तसं नसतं. कुठल्याही चौकात दुभाजक असलेल्या रस्त्याला दोन बाजू असतात, चौकात येणारी आणि चौकातून बाहेर जाणारी. लाल दिव्याने फक्त येणारी बाजू थांबते. बाहेर जाणाऱ्या बाजूवर त्याच वेळी दुसऱ्या रस्त्यांवरून सुटलेली वाहनं येत असतात, कोणी सरळ, कोणी वळून. अर्धा रस्ता निर्धास्त पार करून माणसं दुभाजकाशी पोचतात आणि त्याच भरवशावर पुढे पाऊल टाकतात. धडक बसते ती तिथे.

म्हणून मोठा रस्ता दोन टप्प्यांत ओलांडा. ज्या चौकात चारही रस्त्यांना आळीपाळीने, एका वेळी एकालाच हिरवा मिळतो, तिथे येणारी बाजू त्या रस्त्याचा लाल असताना पार करायची आणि दुभाजकावर थांबायचं. त्याच रस्त्याला हिरवा मिळाला की बाहेर जाणारी बाजू जवळजवळ मोकळी होते, कारण बाकी तिन्ही रस्ते थांबलेले असतात. तेव्हा दुसरा टप्पा. ऐकायला विचित्र वाटेल, पण शेजारून वाहनं सुसाट सुटलेली असताना पलीकडचा अर्धा भाग सगळ्यांत सुरक्षित असतो. फक्त यू-टर्न घेऊन येणाऱ्यावर आणि डावीकडे वळणाऱ्यांवर नजर ठेवायची. समोरासमोरच्या दोन रस्त्यांना एकदम हिरवा मिळतो त्या चौकात मात्र ही युक्ती चालत नाही. समोरचे सरळ तुमच्या अंगावर येतील. तिथे दुसरा टप्पाही त्या रस्त्याच्या वाहनांना लाल असतानाच घ्यायचा आणि आडव्या रस्त्यावरून वळून येणाऱ्यांना आधी जाऊ द्यायचं. ते वळणावर असल्याने निदान हळू असतात. चौक कुठल्या प्रकारचा आहे हे कळायला कडेला उभं राहून एक पूर्ण फेरा बघितला की पुरतं. सीबीएस, मेहेर, अशोक स्तंभ हे तुमचे नेहमीचे चौक, बाबा. एकदा सकाळी सावकाश बघून ठेवा. वेळा आणि क्रम बदलतात, त्यात सिंहस्थाच्या कामांमुळे रस्ते वळवले की सगळंच फिरतं, तेव्हा मधूनमधून पुन्हा बघायला हवं.

डावीकडे वळणाऱ्यांचं वेगळं सांगते, कारण फ्री लेफ्टला, म्हणजे सिग्नलला न थांबता डावीकडे वळण्याला, कुठलाच लाल लागू नाही असं सगळे धरून चालतात. तुम्ही बाहेर जाणाऱ्या बाजूच्या फूटपाथवर उभे असाल तर ते तुमच्या उजव्या खांद्यामागून येतात. नुसती मान वळवून ते दिसत नाहीत, त्यात तुमच्या दोघांच्या माना आखडलेल्या. छातीसकट अख्खं अंग उजवीकडे वळवून बघायचं. दुसऱ्या बाजूने निघालात तर फूटपाथलगतचा पहिला पट्टा लाल असतानाही वाहता असतो. वाहनं आपल्या उजवीकडून येतात म्हणून उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे बघायचं हे तर आहेच. दुभाजकावरून पुढे निघताना डावीकडून येणारी पहिल्यांदा. पण राँग साइडने घुसणारे दुचाकीवाले आहेत तोवर प्रत्येक टप्प्यावर दोन्हीकडे बघा, वाहतूक एकाच दिशेची असली तरी.

वाहनं स्टॉप लाइन सोडून झेब्रा पट्ट्यांवर येऊन उभी असतात, हा आपल्याकडचा रोजचा ताप. त्यांच्या मधून जाताना दोन गाड्यांमधल्या प्रत्येक फटीपाशी थांबून डोकवायचं, कारण थांबलेल्या रांगेतून दुचाक्या पुढे सरकत असतात. एक रिक्षावाला भला म्हणून थांबला आणि हाताने जा म्हणाला, तरी त्याच्या पलीकडच्या पट्ट्यातल्याला तुम्ही दिसलेले नसता. रिक्षाच्या टोकाशी थांबा, डोकं काढून बघा, मग पुढे. बस किंवा ट्रकच्या अगदी नाकासमोरून जायचं नाही. ड्रायव्हर उंचावर बसतो, पुढचा दीड-दोन मीटरचा भाग त्याला दिसत नाही. तुम्हांला त्याचा चेहरा दिसत नसेल तर त्याला तुम्ही दिसत नाही. सिटी लिंकमधून उतरल्यावर बस निघून जाईपर्यंत थांबा, मगच ओलांडा.

मधे असताना दिवा बदलला तर चालत राहा, त्याच वेगाने, दुभाजकापर्यंत. मागे फिरू नका. वाहनवाला तुम्ही पुढे जाल असं धरून तुमच्या पाठीमागून काढायला बघत असतो, आणि मागे वळलेला माणूस नेमका त्याच्यासमोर येतो. पिशवीतून काही पडलं तर पडू द्या. आईचा गुडघा धरला असेल तर बाबांनी तिला ओढायचं नाही. दोघांचा वेग म्हणजे तिचा वेग.

आणखी काही बारीकसारीक. बाबा, तुमच्या चष्म्याच्या खालच्या भागातून फूटपाथची कड पुसट दिसते, उतरताना हनुवटी खाली करून वरच्या काचेतून बघा. पावसात छत्री उजवीकडे कलती धरली की येणारी वाहनंच झाकली जातात, ती उभी धरा. बीपीची गोळी घेतलेली असेल आणि बराच वेळ बसून उठला असाल तर मिनिटभर उभं राहून मग रस्त्यावर उतरा. संध्याकाळी फिकट कपडे.

जिथे सिग्नलच नाही, किंवा रात्री नुसता पिवळा लुकलुकतोय, तिथे कोणीच थांबणार नाही असं धरून चालायचं. सर्कलला लागून ओलांडू नका. रस्त्यावर मागे, दुभाजक असेल तिथवर चालत जा, तिथे वाहन एकाच दिशेने येतं आणि लांबून दिसतं. चौकात वाहतूक पोलीस उभा असेल तर दिव्यापेक्षा त्याचा हात मोठा. आणि द्वारका चौकात, जिथे मुंबई-आग्रा आणि पुणे रस्ता एकत्र येतात, पायी ओलांडण्याच्या फंदातच पडू नका. रिक्षाने पलीकडे उतरा, पैशाचा विचार करू नका.

एक काम सांगते. झेब्राचा पांढरा पट्टा साधारण अर्ध्या मीटरचा आणि दोन पट्ट्यांमधली जागाही तेवढीच असते. म्हणजे रस्त्यात जितके पांढरे पट्टे, साधारण तितके मीटर. कॉलनीच्या रस्त्यावर टेपने दहा मीटर मोजून खुणा करा आणि नेहमीच्या चालीने किती सेकंद लागतात ते घड्याळात बघा. बारा लागले तर वेग ०.८ झाला. आईचं वेगळं मोजा, गुडघा दुखत असेल त्या दिवशीचंही. मग ज्या चौकात नेहमी जाता तिथले पांढरे पट्टे कडेवरूनच मोजा आणि हिरवा किती सेकंद टिकतो तेही टिपा. चालायला लागणारी वेळ, अधिक सुरुवातीचे तीन सेकंद, यापेक्षा हिरवा कमी पडत असेल तर वाहतूक शाखेला आणि महापालिकेला अर्ज करू. चौकाचं नाव, कुठला रस्ता, दिवसाची वेळ, रुंदी आणि सेकंद एवढे आकडे त्यात असले म्हणजे अर्जाला वजन येतं. मसुदा मी करून पाठवते. नुसतं "सिग्नल कमी वेळ असतो" एवढंच लिहिलं तर फाइल पुढे सरकत नाही.

आकडे फोनवर सांगू नका, कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवा. आणि आईच्या पायाला पट्टा बांधून झाला का, तेही कळवा.

तुमची,
वैशू