पासपोर्ट कुणाकडे आहे?

चि. माई,

अनेक आशीर्वाद. पाकिटावर ‘चि. सौ.’ लिहायचं की नुसतं ‘चि.’, यात दोन पाकिटं वाया गेली. शेवटी तुझ्या ऑफिसचा पत्ता टाकला.

गुरुवारी फोनवर तू म्हणालीस, ‘नाना, माझं ठरलंय, घटस्फोट घ्यायचा,’ आणि मी पहिला प्रश्न पासपोर्टचा विचारला. तुला राग आला. आई पण म्हणाली, लेक रडतेय आणि तुम्ही कागद कसले विचारता. पण तू उत्तर दिलं नाहीस, म्हणजे तो धुळ्याला, तुझ्या सासरीच आहे.

मामीचा सल्ला माझ्या कानावर आलाय. आधी व्हिसा पदरात पाडून घे, नवऱ्याकडे अमेरिकेला जा, मग काय ते कर. माई, हे करू नकोस. ती आय-१३०, म्हणजे तुला तिकडे न्यायला त्याने केलेली मागणी, मंजूर झालीय ती त्याची बायको म्हणून. घटस्फोटाची डिक्री झाली की मंजुरी आपोआप रद्द होते. नुसता कोर्टात अर्ज टाकल्याने होत नाही, हे खरं, आणि लोक त्याच फटीत शिरतात. मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीआधी हात वर करून शपथ घ्यावी लागते. तिथे संसार सुरू आहे म्हणून खोटं सांगितलं आणि नंतर उघडकीला आलं, तर अमेरिकेचं दार सहसा कायमचं बंद. उद्या स्वतःच्या नोकरीवर जायचं म्हटलंस तरी तेच आडवं येईल. अर्ज मागे घेणं त्याच्या हातात आहे, मुलाखतीला न जाणं तुझ्या.

आता कोर्टाचं. मी शिरस्तेदार होतो, वकील नाही, पण हा कागद हातून पुष्कळ गेलाय. दोघांच्या संमतीने करायचं तर हिंदू विवाह कायद्याचं कलम १३-ब. अर्जाआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं लागतं. हे वर्ष तो विमानात बसला तेव्हापासून नाही मोजायचं. नवराबायको म्हणून नांदणं थांबलं तिथून मोजायचं. दिवाळीत तो आला होता, भाऊबीजेपर्यंत तुम्ही आठ दिवस धुळ्यात होतात. व्हिसाच्या फायलीत तेच फोटो लावलेत ना, तू निळ्या पैठणीत, त्याच्या हातात फुलबाजी? वकील सवयीने ‘विवाहानंतर अल्पावधीतच विभक्त’ असं टाईप करून मोकळे होतात. मग एका फायलीत सुखाचा संसार, दुसरीत तीन वर्षांचा दुरावा, आणि दोन्हीकडे नाव तुझं. म्हणून तारीख खरी टाक. या दिवाळीनंतरच अर्ज. मग सहा महिने, म्हणजे पुढच्या वर्षीची अक्षय्य तृतीया, आपली आखाजी. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ते सहा महिने माफ होऊ शकतात, पण त्यात अर्जाआधी दीड वर्ष वेगळं राहिल्याची अट आहे, ती तुझ्या बाबतीत पुरी होत नाही. घाई करणाऱ्या वकिलाला हे विचार, गप्प बसेल.

अर्ज पुण्यात टाकता येतो, तू तिथे राहतेस म्हणून. जळगावलाही येतो, लग्न इथे लागलं म्हणून. त्याला यायची गरज नाही, कुलमुखत्यारपत्र चालतं. ते आपल्या वकिलातीत साक्षांकित, नाहीतर तिकडच्या नोटरीपुढे करून अपोस्टिल केलेलं, म्हणजे तिकडच्या सरकारचा खरेपणाचा शिक्का असलेलं हवं, आणि महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर स्टँप लागला पाहिजे. इथेच लोक अडकतात. कुरिअर येतं, पाकीट टीव्हीवर पडून राहतं, चौथ्या महिन्यात वकील कपाळाला हात लावतो. आणि डिक्री होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती काढून घेऊ शकतं, तेव्हा पैशाचं आणि दागिन्यांचं आधी लेखी होऊ दे. पाटल्या आणि पोत, दोन्हींच्या पावत्या माझ्याकडे आहेत.

संमती नाही दिली तर परित्याग किंवा क्रूरता दाखवून लढावं लागेल. परित्यागाला सलग दोन वर्षं लागतात, आणि समन्स परदेशात बजावून परत यायलाच महिने जातात. त्याने तिकडे एकट्याने डिक्री घेतली, तर तिकडे लग्न संपलं आणि इथे तू त्याची बायकोच, असंही होतं. तिकडून काही कागद आला तर पोच म्हणूनसुद्धा सही करू नकोस.

बघ, पुन्हा साहेबासारखं बोललो. माफ कर. तुला शिकवायला मी कोण? रेशनकार्डावर तुझं जन्मसाल चुकलं होतं, तेव्हा आठवीतली तू दाखला घेऊन तहसीलच्या खिडकीवर उभी राहिलीस आणि दुरुस्त करून आणलंस. मी बाहेर सायकल धरून उभा होतो. कारकून मला म्हणाला, पोरगी वकील होईल. तुझा पगार झाला की तो माणूस अजून मला आठवतो, का कोण जाणे.

काकूंना अजून काही सांगितलेलं नाही. आईने गच्चीवर बिबड्या वाळत घातल्यात, दोन डबे तुझे. आखाजीला ये. लोक विचारतील, विचारू दे. झोका बांधतोय, कडूलिंबाचा नाही, तो गेला, शेजारच्यांच्या चिंचेला.

शनिवारी आबांना घेऊन एसटीने धुळ्याला जाईन म्हणतो. भांडायला नाही. पासपोर्ट सरकारचा असतो, अडवून ठेवायचा हक्क कुणालाच नाही, हेही बोलणार नाही. चहा घेऊ, मागू, निघू. तू नको म्हणालीस तर जाणार नाही. फक्त एवढं कळव, तो सासूबाईंच्या कपाटात आहे की बँकेच्या लॉकरमध्ये.

तुझे,
नाना